हवेतली फेरी

१

आधीच सांगून ठेवतो, मी घाबरट माणूस नाही. एकतीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना यंत्रावर धातू कापायला शिकवलं, आणि माझ्या वर्गातल्या एकाच्याही बोटाला कधी टाका पडला नाही. माझी स्वतःची दहाही बोटं जागच्या जागी आहेत. याचा मला गर्व आहे. बायको म्हणते तो जरा कमी दाखवावा, पण ती म्हणणारच.

निवृत्त झाल्यावर नुसतं कोडी सोडवत बसणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मागच्या खोलीत एक जाडजूड टेबल ठोकलं आणि त्यावर लाकूड कोरायचं छोटं सीएनसी मशीन बसवलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक पोलादी कटर गरागरा फिरत असतो, कॉम्प्युटर सांगेल तसा मागे-पुढे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकतो, आणि खाली क्लॅम्पने घट्ट आवळून बांधलेल्या फळीत हवा तो आकार थराथराने कोरतो. माणसाने समोर उभं राहायचं आणि कान उघडे ठेवायचे.

मी लाकडी डब्या करायचो. तळहातावर मावतील एवढ्या, वर झाकण. बायको दातांची डॉक्टर. लहान मुलाचा दुधाचा दात काढला की ती तो अशा डबीत घालून त्याच्या हातात द्यायची. एका पठ्ठ्याने डबी पाहून लगेच पुन्हा आ वासला, म्हणाला, आणखी एक काढा. तेव्हापासून डब्यांची मागणी थांबली नाही.

"तुझं यंत्र मिनिटाला किती फिरतं रे?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"चोवीस हजार."

"माझं तीन लाख. आणि माझं लाकूड हलतं, रडतं, मध्येच चावतं." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चालू द्या सर तुमचं."

माझा एक नियम होता. फळी बांधली, कटरची उंची लावली, की लाकडाला हात लावायच्या आधी पूर्ण प्रोग्रॅम एकदा हवेत चालवायचा. फळीपासून तीस मिलिमीटर वर. कटर वरच्या वर सगळा नाच करून दाखवतो, काही चूक असेल तर तिथेच कळते. याला मी हवेतली फेरी म्हणतो. उतावळी माणसं ती टाळतात आणि मग कपाळाला हात लावून बसतात. मी शंभर वेळा चाललेला प्रोग्रॅमही आधी हवेत चालवायचो. रोज सकाळी साडेदहाला, बायको दवाखान्यात गेल्यावर.

२

त्या मंगळवारीही तेच चाललं होतं. एका फळीत आठ डब्या. प्रत्येक डबीचा खड्डा बारा थरांत व्हायचा, एक थर एक मिलिमीटरचा. कटर हवेत फिरत असताना त्याचा आवाज बारीक आणि एकसुरी असतो. लाकडात शिरला की तो खाली उतरतो, जड होतो. हा फरक मी झोपेतसुद्धा ओळखेन.

चौथ्या डबीच्या सहाव्या थराला आवाज जड झाला.

मी वाकून पाहिलं. कटरखाली नुसती हवा. त्याच्या आणि फळीच्या मध्ये माझं एक बोट आडवं सहज मावलं असतं. आवाज मात्र लाकडात शिरल्यासारखाच होता. बाराव्या थरापर्यंत तसाच राहिला आणि पाचव्या डबीला पुन्हा बारीक झाला.

बेअरिंग, मी म्हटलं. मशीन बंद केलं, बेअरिंग तपासलं, चोख होतं. स्क्रूंना तेल दिलं. तीच फेरी पुन्हा चालवली तर आवाज अगदी साफ. झालं, तेलाचं काम होतं. मी आठही डब्या कापल्या, दुपारी जेवलो आणि विसरलो.

दोन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी उंची लावताना मी घाई केली आणि कटर दोन मिलिमीटर खाली बसला. हवेतली फेरी तीसऐवजी अठ्ठावीसवर चालली. चौथ्या डबीला अकराव्या आणि बाराव्या थराला, फक्त त्या दोनच थरांना, आवाज जड झाला. तीच फेरी पुन्हा चालवली. साफ.

मी स्टूल ओढून बसलो. बेअरिंग खराब असेल तर ते उंची बघून कुरकुरत नाही. पण एखादी वस्तू असेल तर पहिल्यांदा आवाज येतो आणि दुसऱ्यांदा येत नाही, कारण तेवढी कापून गेलेली असते. दोन मिलिमीटर आणखी खाली गेलं की तेवढीच नवी लागते. खरं लाकूड कापताना कटर याच जागेतून खाली जायचा, तरी ते शिल्लक होतं, म्हणजे ते फक्त हवेतल्या फेरीतच कापलं जात होतं. हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

म्हणजे तिथे, त्या रिकाम्या हवेत, काहीतरी होतं आणि मी ते कापत होतो. हे वाक्य मनात पूर्ण झालं तेव्हा मला स्वतःचंच हसू आलं. मी उठून खिडकी उघडली आणि त्या दिवशी काम केलं नाही.

३

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटरमधला माणूस. मशीनचा प्रोग्रॅम त्यानेच बसवून दिला होता. त्याला मी एवढंच सांगितलं की मशीनचा पाट, म्हणजे फळी ज्यावर बांधतो तो तळ, सपाट आहे का ते मोजायचं आहे. रविवारी सकाळी तो एक प्रोब घेऊन आला. प्रोब म्हणजे कटरच्या जागी लावायची एक बारीक काडी, टोकाला मणी. ती हळूहळू खाली येते, कशाला टेकली की टक् करते, दिवा लागतो, तिथली उंची कॉम्प्युटर लिहून घेतो आणि काडी वर उचलली जाऊन पुढच्या ठिपक्यावर जाते. असे हजारो ठिपके घेतले की खाली काय आहे त्याचा नकाशा तयार होतो.

मी फळी काढली, क्लॅम्प काढले, पाट पुसून घेतला. वर काहीही नव्हतं. बायको बाहेरच्या खोलीत फोनवर कुणाला तरी दाढ काढल्यावर काय खायचं ते सांगत होती.

पहिल्या रांगा सरळ गेल्या. काडी पाटापर्यंत उतरायची, टक्, वर. मेहुणा जांभई देत म्हणाला, "भावोजी, पाट तर एकदम आरशासारखा आहे."

मग काडी अर्ध्यात थांबली. पाटापासून दोन बोटं वर, हवेत. टक्. दिवा लागला. ती उचलली गेली, पुढच्या ठिपक्यावर गेली, आणि पुन्हा हवेतच टेकली.

"वायरमध्ये गडबड दिसतेय," मेहुणा म्हणाला.

"असेल," मी म्हणालो.

काडी वर गेलेली असताना मी तिच्याखालून हात फिरवला. काही लागलं नाही. ऊन पडलेलं होतं, हात कोमट झाला इतकंच. मी हात काढला आणि काडी खाली येऊन त्याच जागी टेकली. वायरमध्ये गडबड असेल तर ती वाटेल तिथे टक् करेल. ही प्रत्येक ठिपक्याला वेगळ्या उंचीवर, पण जवळच्या ठिपक्याशी जुळवून टेकत होती. मी वायर बदलली. ती रांग पुन्हा घेतली. आकडे शतांशापर्यंत तेच आले.

 मी मेहुण्याला म्हणालो, "पूर्ण होऊ दे."

४

पावणेदोन तास लागले. नकाशा स्क्रीनवर राखाडी रंगात उमटत गेला, उंच भाग फिके, खोल भाग गडद. अर्धा झाला तेव्हाच कळलं होतं. 

तो हात होता. उजवा, पालथा. मी रोज उभा राहतो त्या बाजूने आत आलेला, म्हणजे ज्याचा हात तो माझ्याच जागी उभा असणार. त्याच्या कडेचा सगळ्यात खालचा ठिपकाही पाटापासून अठरा मिलिमीटर वर होता. माझी फळी अठरा मिलिमीटरचीच असते. जणू तो फळीवर टेकवला होता आणि फळी मी काढून घेतली होती.

मनगटावर एक आडवा उंचवटा होता आणि बोटांच्या टोकांवर दुसरा. त्यांचा आकार मला अनोळखी नव्हता. मी काम तसंच बांधतो, दोन्ही टोकांना एकेक क्लॅम्प.

आणि हाताच्या पाठीवर, मधोमध, एक चौकोनी खड्डा होता. कडा सरळ, तळ सपाट, चारही कोपरे माझ्या कटरच्या गोलाईचे. चौतीस मिलिमीटर लांब. माझ्या डबीच्या खड्ड्याचं माप मला विचारावं लागत नाही.

मेहुणा खड्ड्याकडे बघतच नव्हता. तो स्क्रीनच्या जवळ गेला होता आणि त्याचं बोट अनामिकेवर होतं. ती अनामिका मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

"भावोजी," तो म्हणाला, "हे मी केलं होतं. मी पाच वर्षांचा होतो. ताईचं बोट दारात होतं आणि मी दार आपटलं."

बाहेर फोन संपला होता. बायकोने विचारलं, "चहा घेणार का रे दोघं?"

"घेतो," मी म्हणालो, आणि स्क्रीन बंद केला. माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला, याचं मला नवल वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मी तिला म्हटलं, "जरा उजवा हात दाखव."

"का, भविष्य बघतोस?" तिने हात पुढे केला. मी तो पालथा केला. हाताच्या पाठीवर दोन शिरा, एक तीळ, साबणाने कोरडी पडलेली त्वचा. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. याच हाताने तिने गावभरच्या पोरांचे दात काढले होते आणि एकालाही दुखवलं नाही असं लोक म्हणायचे. एकदा थरथरला तर त्या दिवशी दवाखान्याला कुलूप, असं ती स्वतः म्हणायची.

"दुखतो का कधी?"

"नाही."

"मुंग्या येतात?"

"आता तू डॉक्टर झालास का?" तिने हात काढून घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालंय?"

मला सांगायला हवं होतं. पण मी विचार केला, सांगून काय होणार? तिला भीती वाटेल. मोजून मापून मी यातून मार्ग काढेन, तोपर्यंत तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही की झालं. हात तिथे गेलाच नाही तर कापला जाणार कसा? इतकं सरळ गणित होतं. मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

आठवड्याने ती संध्याकाळी दारात उभी होती. "माझ्या टाक्यांच्या कात्र्यांचा जुना डबा आत आहे."

"मी काढून देतो."

"मी घेते ना. दार उघड."

"तू आत जायचं नाहीस."

ती चिडली की मला तुम्ही म्हणते. "तुम्ही मला माझ्या घरातली खोली बंद करताय?"

"करतोय," मी म्हणालो. "आणि कारण विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. चार दिवस बोललीच नाही. मला फार वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण प्रत्येक जेवणाला तो हात माझ्यासमोर ताटावर यायचा, पाचही बोटं धड, आणि मी म्हणायचो, बरोबर केलं.

६

शेवटी मीच ठरवलं. कुलूप किती दिवस पुरणार? त्यापेक्षा मुळावरच घाव घालू. मशीनच नसेल तर कापणार काय? मेहुण्याला बोलावलं. आम्ही दोघांनी एक अख्खी सकाळ घालवून सगळं सुटं केलं, मोटर, पट्ट्या, स्क्रू, पाट, वायरी. तो सगळं गाडीत भरून माझ्या जुन्या तंत्रशाळेत देऊन आला. तिथले मास्तर खूश झाले.

गाडीत बसताना मेहुणा म्हणाला, "ताईला सांगा आता. आपण दोघं उगाच शहाणपणा करतोय असं वाटतं मला."

"सांगतो," मी म्हणालो. "आता सांगायला काय हरकत आहे."

खोली मोठी दिसायला लागली. मी झाडून काढली, भिंतीवरचा भुसा पुसला. जिथे मशीन होतं तिथे टेबलावर चार खिळ्यांची भोकं राहिली होती, बाकी काही नाही. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. उरलेल्या डब्या मी टेबलावर रचून ठेवल्या. शंभरेक होत्या. दवाखान्याला वर्षभर पुरल्या असत्या.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एका म्हातारबाबांना त्यांच्या घरी जाऊन तपासून आली. बॅग बाहेरच्या खोलीत ठेवली. मी दार सताड उघडून उभा होतो.

"या डॉक्टर. दार उघडं आहे."

ती आत आली, चारी बाजूंना पाहिलं. "मशीन कुठंय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. आवाज, काडी, नकाशा, तिचं वाकडं बोट. जसजसं सांगत गेलो तसतसं ते मलाच गमतीचं वाटायला लागलं. तिचं तोंड आधी गंभीर होतं, मग ओठांचे कोपरे हलले.

"म्हणजे माझ्या हातासाठी तू तुझं मशीन दिलंस?"

"दिलं."

"आणि चार दिवस माझ्या शिव्या खाल्ल्यास?"

"तू बोललीच नव्हतीस."

"मनात घातल्या होत्या." तिने माझा गाल ओढला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "वेडा आहेस. चित्र दाखव मला."

मी फोनवर दाखवलं. तिने ते मोठं करून पाहिलं, दातांचा एक्स-रे पाहते तसं, कपाळाला आठी घालून. "बोट माझंच आहे," ती म्हणाली. "कुठे होता हा?"

"इथे. तू उभी आहेस तिथून आत आलेला."

"असा?" तिने हात पुढे करून डब्यांच्या रचलेल्या थरांवर ठेवला. चित्राकडे पाहिलं, अंगठा जरा आत घेतला, मनगट किंचित वळवलं. "असा ना?"

अगदी तसाच होता. आणि माझ्या डोक्यात, सवयीने, आकडे सुरू झाले. मशीनचा पाट टेबलापासून नव्वद मिलिमीटर वर असायचा. त्यावर अठराची फळी. एकशे आठ. डबी झाकणासकट सत्तावीस. थर किती आहेत? मी मोजले. चार. सत्तावीस चोक एकशे आठ.

"हात उचल," मी म्हणालो.

"थांब, फोटो तर काढ."

"हात उचल आधी."

तिने माझा चेहरा पाहिला आणि उचलायला गेली. खांदा हलला, कोपर हललं. "मनगटावर काहीतरी दाबलंय," ती म्हणाली. "बोटांवर पण."

मी तिचं मनगट धरून ओढलं. माझ्या बोटांना तिच्या त्वचेशिवाय काही लागत नव्हतं आणि हात इंचभरही हलत नव्हता. मी हाताने डब्या ढकलून दिल्या. सगळ्या खडखडत जमिनीवर गेल्या, झाकणं उडाली, टेबल मोकळं झालं. तिचा हात तिथेच राहिला, टेबलापासून अर्ध्या वितीवर, रिकाम्या हवेवर पालथा टेकलेला. त्याच्याखालून मला पलीकडची भिंत दिसत होती.

मग त्याच्या वर, अगदी थोडं वर, तो आवाज सुरू झाला. आधी घरघर, मग चढत चढत बारीक, एकसुरी. दिसत काहीच नव्हतं. तिच्या मनगटावरची लव मात्र वाऱ्याने हलत होती.

"हे ते आहे?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"हाताला लागलं नाहीये अजून."

"पहिले पाच थर हवेतच जातात," मी म्हणालो. "सहाव्याला लागतो."

"एका थराला किती वेळ?"

"चाळीस सेकंद."

मला हे सगळं पाठ होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की काहीतरी मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. मी पुन्हा तिचा हात धरला आणि ओढत राहिलो, रडत होतो बहुतेक, कारण तिने डाव्या हाताने माझा खांदा दाबला, खुर्चीत घाबरून बसलेल्या पोराचा दाबते तसा.

"ऐक," ती म्हणाली. "ओढू नकोस, वेळ जातोय. माझी बॅग बाहेरच्या खोलीत आहे. वरच्या कप्प्यात भुलीचं इंजेक्शन आहे, ते आण. डाव्या हाताने मीच देईन. लागायला दोन मिनिटं तरी घेतं ते."

मी दाराकडे धावलो तेव्हा आवाज एक क्षण थांबला, जरासा खाली सरकला, आणि दुसरा थर सुरू झाला.